आबाजींची नांदी

आबाजी बोलायला लागले की आधी त्यांच्या ओठांकडे पाहावं लागे. ओठांत टाचण्या असल्या तर ते शिंपी असत आणि नसल्या तर दिग्दर्शक. शिव्या दोन्ही वेळी सारख्याच खाव्या लागत. टाचण्यांमधून आलेल्या अर्ध्याच कळत, एवढाच काय तो फायदा.

मी छप्पनच्या जूनमध्ये बोरी अरबच्या शाळेत मास्तर म्हणून आलो. शाळेसमोरच आबाजींचं दुकान होतं. आठवड्याभरात ते वर्गाच्या खिडकीशी येऊन उभे राहिले, थोडा वेळ माझं शिकवणं ऐकलं आणि मधल्या सुटीत म्हणाले, "मास्तर, तुमचा आवाज मागच्या पोट्ट्यायलेबी ऐकू जात नाई. मले असाच मानूस पायजे." अशा रीतीने मी नटेश्वर संगीत मंडळीचा प्रॉम्प्टर झालो. विंगेत वही घेऊन उभं राहायचं, नट अडला की त्याला वाक्य पुरवायचं आणि ते प्रेक्षकांना ऐकू जाऊ द्यायचं नाही. अपमान म्हणावा तर होता. पण माझ्या आवाजाचं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

मंडळी दरवर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेत एक नाटक करी. नाटक म्हणजे जुन्या वळणाचं संगीत नाटक: राजे, ऋषी, शाप आणि तीस-चाळीस पदं. नट सगळे गावातलेच. जिनिंगमधले मजूर, एक किराणावाला, दवाखान्यातला कंपाउंडर. राणीचं काम करणारा गोविंदा दिवसा सायकली दुरुस्त करी आणि त्याच्या हातांवरचं काळं तेल पावडरीनेही झाकत नसे, म्हणून आबाजींनी आमच्या सगळ्या राण्यांना कोपरापर्यंत बाह्या शिवल्या होत्या, पुढे बोटांपर्यंत झालर. परगावचे लोक विचारत, ही कुठल्या देशाची राणी? आबाजी म्हणत, "थंडीच्या देशाची."

मंडळीचा इतिहास कुणी लिहून ठेवला नव्हता. तो आबाजींच्या दोन पेटाऱ्यांत घड्या घालून ठेवलेला होता. जुन्या नाटकाचं नाव काढलं की ते पेटारा उघडत आणि एखादा अंगरखा बाहेर काढत. "हे जांभळं पाहा. 'संगीत रत्नमेखला'. राजा तिसऱ्या अंकात इतका रडला का बाही उसवली. नाटक पडलं, पन बाही मी तशीच ठेवली." कुठलं नाटक कुणी लिहिलं हे ते विसरत, कुणाची छाती किती होती हे विसरत नसत. तालीमही ते कापडासारखीच घेत. कुठे किती थांबायचं हे बोटांनी सांगत: इथं दोन बोटं थांब, इथं चार. एकदा कंपाउंडरने विचारलं, बोटं उभी का आडवी? त्याला तो सबंध आठवडा भालदार करून कोपऱ्यात उभा ठेवला.

पण सगळ्यात कडक होते ते नांदीच्या बाबतीत. दुसरी घंटा झाली की नायकाने पूर्ण वेषात बंद पडद्यापुढे एकट्याने यायचं आणि गणपती-शंकराच्या नांदीचं पहिलं चरण म्हणायचं. मग आतून सगळ्यांनी साथ द्यायची. नांदी संपली की तिसरी घंटा, आणि मगच पडदा. घंटा स्वतः आबाजींच्या हातात. त्यांच्या गुरूंनी घालून दिलेली ही रीत होती, आणि त्यांचं म्हणणं असं, की नांदी नट म्हणत नाही, माणूस म्हणतो. "राजा पडदा उघडल्यावर होते. पयले तू आपल्या तोंडानं देवाले सांग का आम्ही आता खोटं बोलाले जाऊन राह्यलो."

गुरूंच्या काळात एकदा कुणी बडा पाहुणा घाईत होता म्हणून नांदी गाळली होती. त्या दिवशी दुसऱ्या अंकात गॅसबत्ती फुटली आणि गुरूंच्या धाकट्या भावाचे दोन्ही हात भाजले. तो बासरीवाला होता. आबाजींनी अंगावरच्या शालीने आग विझवली होती. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण आबाजी ही गोष्ट सांगत तेव्हा त्यांचा चेहरा असा होई की न मानण्याची माझी छाती होत नसे.

आणखी एक गोष्ट मला त्यांच्या बायकोकडून, यमुनाकाकूंकडून कळली. आबाजी स्वतः एकेकाळी नायक होते. दारव्ह्याच्या प्रयोगात वरच्या सुरावर त्यांचा गळा फाटला. लोक हसले. कुणीतरी गाढवासारखं ओरडलं. उरलेलं नाटक त्यांनी पदं न म्हणता, नुसतं बोलून संपवलं आणि त्या दिवसापासून चारचौघांत गाणं सोडलं. चाल शिकवायची तर पेटीवर वाजवून दाखवत आणि हाताने वर-खाली करत. काकू म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हना म्हनलं, तर बोहल्यावरून उठून मांडवाबाहेर गेलते."

आता दशरथ. दशरथ जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलायचा. काम करता करता गात होता, ते आबाजींनी रस्त्यावरून ऐकलं आणि त्याला दुकानात बोलावून सगळ्यांदेखत त्याच्या छातीचं माप घेतलं. गावात कुजबुज झाली, कारण दशरथ पूर्वेकडल्या वस्तीतला, ज्यांना तेव्हा गाव शिवत नसे. आबाजी काही संत नव्हते. पहिली दोन वर्षं दशरथला रंगायला आणि कपडे करायला वेगळी ताडपत्री बांधलेली असे, आणि ती आबाजींनीच बांधली होती. तिसऱ्या वर्षी नाटकातल्या सैन्याच्या तंबूला कापड कमी पडलं म्हणून त्यांनी ती सोडली आणि परत बांधली नाही. या विषयावर याहून मोठं भाषण त्यांनी कधी केलं नाही. मी आलो तेव्हा दशरथ मंडळीचा राजा होऊन पाच वर्षं झाली होती, आणि त्याचा आवाज ऐकायला लोक दिग्रसहून बैलगाड्या जुंपून येत.

छप्पनच्या दसऱ्याला दशरथ बायकोमुलांसह नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. दिवाळीनंतर तालमी सुरू झाल्या. नवं नाटक होतं 'संगीत वीरकेतन'. दशरथ वेळेवर येई, सगळी पदं जीव लावून म्हणे. पण तालमीच्या सुरुवातीला नांदी चालू झाली की गप्प उभा राही. आबाजींना वाटलं, घसा बसला. त्यांनी ज्येष्ठमध दिलं. दुसऱ्या दिवशी लवंग दिली. चौथ्या दिवशी काढा घेऊन आले तेव्हा दशरथने पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आबाजी, गळा बरा हाय माहा. मी नांदी नाई म्हननार."

पेटीवाल्याचा भाता मध्येच थांबला.

"काहून?"

"देवायचं नाव घेनार नाई, असा शब्द देऊन आलो. लाख मानसायत उभं राहून देल्ला."

"अन तिसऱ्या अंकात वीरकेतन शंकराले आळवते ते? ते पद कोन म्हननार, तुहा बाप?"

"ते मी म्हननार. ते राजा म्हनते, आबाजी. नांदी मानूस म्हनते. तुमीच शिकवलं."

आबाजींच्या ओठांत त्या दिवशी टाचण्या नव्हत्या, तरी शिवी न देता ते उठले आणि घरी गेले. दिग्दर्शक तालीम सोडून गेल्याचं मंडळीत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बातमी संध्याकाळच्या आत बळवंत पाटलांकडे पोचली. नाटकाचं मैदान त्यांचं, फळ्या त्यांच्या, पडदे त्यांच्या वडिलांनी दिलेले. पाटील दुकानात आले, मी तेव्हा तिथेच कॉलर शिवून घेत होतो. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आबाजी, दशरथ नांदी म्हनत असन तर नाटक होईन. नाई तर राजा बदला. शिवरात्रीले माह्या जागेवर शंकराचं नाव न घेनारा उभा राहनार नाई." जाता जाता म्हणाले, "अन त्याच्या वस्तीवाल्यायले सांगा, आमच्या विहिरीवरून बायका पानी नेतात."

दशरथला घरूनही सुख नव्हतं. वस्तीतली जाणती माणसं त्याला विचारत होती, त्या लोकांच्या नाटकात नाचायला तू जातोसच कायले? तो मला शाळेच्या वाटेवर भेटला तेव्हा म्हणाला, "मास्तर, इकडचे म्हनतात देव घे, तिकडचे म्हनतात नाटक सोड. मले दोन्ही नाई जमून राह्यलं." मी मान हलवली. मी सरकारी नोकर, नवा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक शब्द मी पाटलांसमोर बोललो नाही, आणि आज एवढ्या वर्षांनीही ती मान हलवल्याची मला लाज वाटते.

आबाजींनी राजा बदलून पाहिला. गोविंदाला राजा केला, कंपाउंडरला राणी. दोन दिवसांत कळलं की गोविंदा राजवस्त्रांतही कंबर मुरडतो. नांदी त्याने म्हटली, सुरात म्हटली, आणि त्यानंतरचं नाटक ऐकवेना. आबाजी डोळे मिटून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दशरथला निरोप पाठवला की तालमीला ये. नांदीचं काय ते बोलले नाहीत. आम्ही विचारलं तर टाचण्या तोंडात घालत.

शिवरात्रीला चार दिवस राहिले होते. मी दुकानासमोरून जात होतो, तर त्यांनी आत बोलावलं आणि गळ्यातली टेप माझ्या हातात दिली. "मास्तर, पाठीचं माप घ्या बरं. आपली पाठ आपल्याले मोजता येत नाई." मला वाटलं, स्वतःसाठी सदरा शिवत असतील. माझ्या हातून दोनदा चुकलं, दोनदा ओरडा खाल्ला. त्यांची पाठ घामाने ओली होती आणि दिवस थंडीचे होते.

प्रयोगाच्या दिवशी मैदान दिवस मावळायच्या आत भरलं. पाटील पुढच्या खुर्चीवर. मैदानाच्या कडेला वस्तीतले दहा-बारा लोक हाताची घडी घालून उभे. दशरथ काय करतो ते बघायला आलेले. पहिली घंटा झाली. दशरथ रंगून, मुकुट घालून विंगेत माझ्या शेजारी उभा होता. मला म्हणाला, "आबाजी मले ढकलनार का हो पुढं?" मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी त्याला ढकललं असतं तर तो गेला असता, हे मात्र माहीत होतं.

दुसरी घंटा झाली. मागून आबाजी आले. अंगात पांढरा पायघोळ अंगरखा, डोक्याला पागोटं, कपाळाला गंध. सूत्रधाराचा वेष. दशरथकडे त्यांनी पाहिलंही नाही. पडदा बाजूला सारून ते पुढे गेले.

लोकांना आधी ओळखच पटली नाही. मग पटली आणि पुढच्या रांगांत गलका झाला. आबाजींनी हात जोडले आणि नांदी सुरू केली. आवाज फाटलेलाच होता. पहिल्या ओळीला लोक दबकून हसले, दुसरीला मोकळे हसले. मागून कुणीतरी गाढवासारखं ओरडलं. मी पडद्याच्या फटीतून त्यांचे पाय पाहत होतो. पाय जागचे हलले नाहीत. तिसऱ्या ओळीत तो वरचा सूर होता. आबाजी तिथपर्यंत गेले आणि आवाज बंद पडला. नुसता श्वास.

तेवढ्यात माझ्या शेजारून सूर लागला. दशरथने डोळे मिटून तो वरचा षड्ज धरला होता. शब्द नाही, देवाचं नाव नाही, नुसता 'आ'कार. त्या सुराला धरून आबाजी उरलेलं चरण कसेबसे म्हणत गेले. फाटक्या आवाजात, पण एकही अक्षर न गाळता. मंडळी साथ द्यायचं विसरली होती. नांदी संपली तेव्हा मैदानात कुणी हसत नव्हतं. आबाजी आत आले, घंटा उचलली आणि तिसरी घंटा दिली.

पाटील पहिल्या अंकातच उठून गेले. पुढे आठ दिवस विहिरीवर काठ्या घेऊन पाटलांची माणसं बसली आणि वस्तीतल्या बायका नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून पाणी आणत राहिल्या. मग तहसीलदार आले तेव्हा ते मिटलं. मैदान मात्र गेलं, फळ्या गेल्या, पडदे गेले. आबाजींनी काकूंच्या आणि लेकीच्या जुन्या लुगड्यांचा नवा पडदा जोडून शिवला आणि मंडळी गावोगाव फिरू लागली. सत्तावन ते चौसष्ट आम्ही फुलसावंगीपासून केळापूरपर्यंत नाटकं केली. प्रत्येक ठिकाणी आबाजी त्या आवाजात नांदी म्हणत, प्रत्येक ठिकाणी लोक हसत, आणि वरच्या सुराशी आतून दशरथ सूर धरी. एका गावात मी म्हटलं, नांदी छोटी करू या. आबाजी म्हणाले, "हसू द्या न बापा. हसनारा मानूस जाग्यावर तरी बसते." पण प्रयोगाआधी त्यांना अन्न जात नसे, हे मी आठ वर्षं पाहिलं.

चौसष्टच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मंडळी बंद पडणार असं सगळ्यांनी धरलं होतं, पण केळापूरच्या जत्रेचं निमंत्रण आधीच घेतलेलं होतं, आणि आबाजींनी डाव्या हाताने पेटाऱ्यावर थापा मारमारून आम्हाला तयारीला लावलं. त्यांना आम्ही गाडीत गादी घालून नेलं. विंगेत खुर्चीवर बसवलं आणि डाव्या हातात घंटा दिली. बसल्याबसल्या त्यांनी खुणेने पाण्याची बादली मागवून माझ्या पायाशी ठेवायला लावली आणि गॅसबत्तीकडे बोट दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नांदी कोण म्हणणार, हे आम्ही कुणी ठरवलंच नव्हतं.

गोविंदाला ताप होता, तो राणीपुरताच कसाबसा उभा राहणार होता. बाकीच्यांना आतून साथ द्यायचीच सवय, एकट्याने पडद्यापुढे जायला कुणी धजेना. दुसरी घंटा होऊन गेली. बाहेर लोक टाळ्या पिटू लागले. आबाजींचे डोळे बादलीवरून बत्तीकडे आणि बत्तीवरून बादलीकडे फिरत होते. इतका भ्यालेला माणूस मी पाहिला नाही.

दशरथने ते पाहिलं. त्याने मुकुट सारखा केला, माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, पयली ओळ सांगा. आठ साल झाले, तोंडातून काढली नाई." मी म्हटलं, "दशरथ, तू शब्द दिलेला आहेस." तो म्हणाला, "हो. पन त्यायच्याकडं पाहा न." मी वही उघडली. पुन्हा एकदा मी काहीच केलं नाही, फक्त ओळ सांगितली. त्याने ती ओठांतल्या ओठांत घोळवली, पडद्याशी गेला आणि पुढे जायला कापडावर हात ठेवला.

तिसरी घंटा वाजली.

पडदा ओढणारा घंटेचा गुलाम. त्याने दोर ओढला. पडदा वर गेला आणि दशरथ सगळ्या प्रेक्षकांसमोर एक हात हवेत धरून उभा. मागे कंपाउंडर बिडी विझवत होता, प्रधानाच्या कमरेला पट्टा नव्हता. मी आबाजींकडे पाहिलं. त्यांनी घंटेचा लोलक मुठीत आवळून धरला होता आणि ते माझ्याकडे बघत माझ्या पायाशी असलेल्या बादलीकडे हनुवटी हलवत होते. मी एका हातात वही आणि एका हातात बादली घेऊन उभा राहिलो. दशरथने हात खाली घेतला, दोन बोटं थांबला आणि राजाचं पहिलं वाक्य बोलला.

तिन्ही अंक मी तसाच उभा होतो. काही झालं नाही. बत्ती शेवटपर्यंत नीट जळली. आबाजींनी तिच्यावरची नजर एकदाही काढली नाही.

शेवटचा पडदा पडल्यावर दशरथ तसाच, रंगासकट, त्यांच्यासमोर येऊन बसला. त्याला राग आला होता, आणि डोळेही भरले होते. "मी म्हनलो असतो, आबाजी. आज मी म्हनूनच राह्यलो होतो. काहून घंटा देल्ली तुमी? तुमाले येवढं भेव होतं, तरी काहून?"

आबाजींनी बोलायचा प्रयत्न केला. नुसता घोगरा आवाज आला. मग त्यांनी घंटा मांडीवर ठेवली, डावा हात उचलला आणि दशरथच्या तोंडावर ठेवला. आम्ही सामान बांधलं, पडदा उतरवला, गाडी जुंपली, तोवर तो हात तिथेच होता.